सिगारेट कोणी टाकली? एका चुकीच्या प्रश्नाचा इतिहास

१/ १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज फुटले. दरवर्षी ही तारीख आली की समाजमाध्यमांवर तीच चार वाक्ये फिरू लागतात. आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या. जपानी हेरांचा संशय होता. कोणा कामगाराच्या सिगारेटने शहर जळाले. अग्निशमन दलाचे जवान हुतात्मा झाले. यांतील पहिली तीन वाक्ये वाचकाचे लक्ष मूळ प्रश्नापासून दूर नेतात. चौथे सर्वस्वी खरे आहे. मात्र ते ज्या रीतीने सांगितले जाते, त्या रीतीत लबाडी आहे. 🧵

२/ सोन्यापासूनच आरंभ करावा, कारण सर्वांना तेच हवे असते. जहाजावर ३१ पेट्यांत सुमारे ८ लाख ९० हजार पौंडांचे सोने होते. स्फोटात विटा उडाल्या, त्यांतील एक जवळजवळ मैलभर दूर असलेल्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत आली. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक दशके विटा सापडत राहिल्या. सोन्याची अशी विटेविटेने नोंद आहे. मृतांचा आकडा मात्र ८०० ते १,३०० यांच्यामध्ये कोठेतरी आहे, आणि आज ८० वर्षांनंतरही तो निश्चित सांगता येत नाही. कोणत्या गोष्टीची मोजदाद ठेवायची आणि कोणत्या नाही, हे त्या व्यवस्थेने स्फोटाच्या पुष्कळ आधीच ठरवून टाकले होते.

३/ आता जहाज. ७,१४२ टनांचे, १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रिन्स रुपर्ट येथे बांधलेले, युद्धकाळातील घाईचे अपत्य. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडच्या बर्कनहेडहून निघाले. पोटात १,३९५ टन स्फोटके. त्यांतील २३८ टन अत्यंत संवेदनशील, 'अ' वर्गाची. पाणतीर, सुरुंग, तोफगोळे. शिवाय स्पिटफायर विमाने आणि वर उल्लेखिलेले सोने.

४/ ३० मार्चला जहाज कराचीस पोहोचले. तेथे काही माल उतरला, जागा रिकामी झाली, आणि युद्धकाळात जहाजातली रिकामी जागा म्हणजे पाप. त्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरण्यात आल्या. जोडीला वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, तांदूळ, मासळीचे खत.

(अनेक पोस्टमध्ये ८७,००० गाठींचा आकडा दिसतो. एक गाठ पावणेदोनशे किलोची धरली तर तो भार १५ हजार टनांच्या पुढे जातो. हे जहाज तेवढा माल घेऊन कराचीचे बंदरदेखील ओलांडू शकले नसते. आकडा पुढे ढकलण्यापूर्वी एकदा गुणाकार करून पाहावा.)

५/ हा कापूस समुद्रमार्गे का आला? पंजाब-सिंधचा कापूस रेल्वेने मुंबईस आणण्यावर त्या काळी बंदी होती. रेल्वे लष्करासाठी राखलेली होती. म्हणजे एका खात्याने आपल्या दृष्टीने अगदी सयुक्तिक निर्णय घेतला आणि त्याचा भार दुसऱ्या खात्याच्या जहाजात, स्फोटकांच्या शेजारी येऊन पडला. रेल्वेच्या कचेरीत बसलेल्या कारकुनाला पाणतीरांची वार्ता नव्हती. जहाजात माल रचणाऱ्याला रेल्वेच्या धोरणाशी कर्तव्य नव्हते. ज्वलनशील पदार्थ आणि स्फोटक पदार्थ यांची गाठ घालून देणारा कोणी एक मनुष्य शोधू गेल्यास सापडत नाही.

६/ एक मनुष्य मात्र नोंदीत सापडतो, आणि तो विरोध करणारा आहे. कप्तान अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ यांनी या मिश्र मालाबद्दल आपली हरकत नोंदवली होती. हरकत नोंदवली गेली आणि माल भरला गेला. या एका वाक्यात जगातील बहुतेक औद्योगिक दुर्घटनांचे चरित्र सामावलेले आहे. धोका कोणालाच ठाऊक नव्हता, असे क्वचितच घडते. ज्याला ठाऊक होते, त्याच्या शब्दाला काम थांबविण्याचे बळ नव्हते.

७/ कापूस कोठे रचला? दोन नंबरच्या होल्डमध्ये, तळाशी. आणि त्याच्या वर स्फोटके. ज्यांनी चुलीवर कधी भांडे ठेवले आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे पाणी मारू लागल्यावर या रचनेचा आणखी एक भयंकर परिणाम झाला. कापसाची गाठ पाण्यावर तरंगते. होल्डमध्ये जसजसे पाणी चढले, तसतशा जळत्या गाठी वर, स्फोटकांच्या दिशेने उचलल्या गेल्या.

८/ १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या गोदीत लागले. शांततेच्या काळात अशा जहाजाला धक्क्याशी येऊ देत नसत. ते बाहेर खोल पाण्यात उभे राही आणि स्फोटके बार्जेसमध्ये उतरवून घेत. युद्धामुळे हा नियम बाजूस ठेवला गेला होता. माल त्वरेने उतरावा म्हणून जहाज थेट गोदीत घेतले, आणि मग माल उतरला का? ४८ तास उलटले तरी मुख्य स्फोटके होल्डमध्येच होती. घाईसाठी नियम मोडला आणि घाईदेखील साधली नाही.

९/ स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा, हा साधा, जुना, एका कापडाच्या किमतीचा नियम. फोर्ट स्टिकीनवर लाल बावटा नव्हता. त्यामुळे १४ एप्रिलच्या दुपारी शेजारच्या जहाजांवरील काहींना धूर दिसला, तो त्यांना केवळ धूर वाटला. गोदीत धूर ही काय नवलाची गोष्ट? जहाजावरच्या लोकांना आगीची जाणीव झाली ती दोनच्या सुमारास. अग्निशमन दलाला वर्दी देण्यातही उशीर झाला.

१०/ पुढील दोन तास हे या कथेचे मर्म आहे, आणि लोकप्रिय कथनांत नेमके तेच दोन ओळींत आटोपले जातात.

बंब आले. पाण्याचा मारा सुरू झाला. ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. धूर इतका दाट की आगीचा उगम दिसेना. जहाजाभोवतीचे पाणी उकळू लागले. दारूगोळ्याचा जाणकार असलेला एक लष्करी अधिकारी जहाजावर चढला, त्याने मालाची यादी पाहिली आणि हे जहाज फुटले तर सारी गोदी जाईल, असे स्पष्ट सांगितले. जहाज बुडवावे, असा त्याचा सल्ला. परंतु धक्क्याशी जहाज पूर्ण बुडावे एवढी खोलीच नव्हती. मग ओढून बाहेर न्यावे? त्याला वेळ लागणार, आणि वाटेत फुटले तर?

११/ त्या धक्क्यावर त्या घटकेला कोण कोण होते ते पाहावे. जहाजाचा कप्तान. गोदीचा व्यवस्थापक. अग्निशमन दलाचा प्रमुख. लष्कराचा अधिकारी. प्रत्येक जण आपापल्या कामात वाकबगार, प्रत्येकाची कर्तव्यनिष्ठा निर्विवाद. आणि या चौघांपैकी कोणाचा शब्द अखेरचा, हे आधी कोणीही ठरवून ठेवलेले नव्हते. सल्ले सर्वांनी दिले. निर्णय झाला नाही. जळत्या जहाजावर उभे राहून अधिकारांची वाटणी करता येत नाही. ती थंड डोक्याने, कागदावर, पुष्कळ आधी करावी लागते. मुंबई बंदरात ती कोणी केली नव्हती.

१२/ दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे झाले, १२ किलोमीटरपर्यंतच्या खिडक्यांची तावदाने फुटली. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. जळता कापूस आकाशातून गोदीलगतच्या वस्त्यांवर, वखारींवर, इतर जहाजांवर कोसळला. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट. पहिल्यानंतर मदतीस धावलेले लोक त्यात सापडले.

१३/ सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. डझनाहून अधिक जहाजे बुडाली वा निकामी झाली. हजारो टन धान्य भस्मसात झाले, आणि हे बंगालच्या दुष्काळाला अवघे वर्ष लोटलेले असताना. अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. कप्तान नेस्मिथही गेले. शहराने स्फोट ऐकला, सोसला. पण युद्धकालीन सेन्सॉरमुळे त्याचे वृत्त जगात अधिकृतपणे जाण्यास मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला ते सांगून टाकले होते. सेन्सॉरने वृत्त लपवले ते कोणापासून, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. शत्रूला ते ठाऊक होतेच.

१४/ आता सिगारेट. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. घातपाताच्या शंकेला आयोगाने थारा दिला नाही. आगीचा उगम कापसात असावा, आणि बहुधा सिगारेटसारख्या ठिणगीने ती लागली असावी, असे अनुमान निघाले. लोकस्मृतीने या अहवालातून एवढेच उचलले.

१५/ आयोगाने ठिणगीपाशी थांबण्याचे मुळीच केले नव्हते. स्फोटकांखाली कापूस रचणे. लाल बावटा नसणे. स्फोटके उतरविण्यास विलंब. होल्डमध्ये वाफ सोडून आग कोंडण्याचा उपाय न वापरणे. वर्दीस उशीर. युद्धाच्या निकडीपोटी नेहमीचे नियम डावलून दारूगोळ्याची जहाजे गोदीत आणणे. आणि आरंभीच्या काळात आगीचे गांभीर्य न ओळखणे. ही सारी कारणे अहवालात होती. लोकांनी यांतून सर्वांत लहान, सर्वांत निनावी, सर्वांत गरीब गुन्हेगार निवडला: बिडी-सिगारेट ओढणारा गोदी कामगार.

१६/ ही निवड निष्पाप नाही. सिगारेटचा सिद्धांत सर्वांच्या सोयीचा असतो. माल रचणारा सुटतो, नियम स्थगित करणारा सुटतो, बावटा न लावणारा सुटतो, अधिकारांची वाटणी न करणारा सुटतो. आणि ज्याच्यावर दोष येतो, तो बहुधा मेलेला असतो, उत्तर द्यायला येत नाही.

क्षणभर सिगारेट खरी मानली तरी काय सिद्ध होते? हजारो माणसे राबतात अशा गोदीत वर्षातून एकदा तरी कोणी नियम मोडून ओढणारच. ज्या व्यवस्थेचे अस्तित्व 'कोणीही, कधीही, एकही चूक करणार नाही' या गृहीतावर अवलंबून आहे, ती व्यवस्था सिगारेट पेटण्यापूर्वीच पेटलेली असते.

१७/ 'मानवी चूक' हा शब्दप्रयोग इतिहासाच्या अभ्यासकाने नेहमी संशयाने पाहावा. तो कारण सांगत नाही. शोध कोठे थांबवला तेवढे सांगतो.

१८/ मुंबई हे एकटे उदाहरण असते तर 'युद्धकाळ होता' म्हणून सोडून देता आले असते. तसे नाही. २७ वर्षे मागे जावे. ६ डिसेंबर १९१७, कॅनडातील हॅलिफॅक्स बंदर. 'माँ-ब्लाँ' हे फ्रेंच जहाज. पोटात पिक्रिक आम्ल, टीएनटी, गनकॉटन, आणि डेकवर बेन्झॉलची पिंपे. पुन्हा स्फोटके आणि ज्वलनशील द्रव एकत्र. पुन्हा लाल बावटा नाही. या खेपेस कारण जर्मन पाणबुड्यांचे भय. 'इमो' नावाच्या जहाजाशी टक्कर झाली, बेन्झॉल पेटले. खलाशांना पोटातला माल ठाऊक होता, किनाऱ्यावरच्यांना नव्हता. लोक खिडक्यांशी उभे राहून आगीचा देखावा पाहत होते. सुमारे १,८०० माणसे मेली, आणि फुटलेल्या काचांनी शेकडोंचे डोळे गेले. आग विझवायला गेलेले ९ अग्निशामक त्यात होते.

१९/ म्हणजे १९४४ साली मुंबई बंदराचे कारभारी अज्ञानात होते, असे म्हणता येत नाही. त्याच साम्राज्याच्या एका बंदरात, त्याच प्रकारच्या जहाजाने, तोच धडा २७ वर्षांपूर्वी दिला होता. नियम त्या धड्यातून आलेले होते. ते विसरले गेले नव्हते. स्थगित केले गेले होते. विस्मरण आणि स्थगिती यांत फरक आहे. विस्मरणाला क्षमा असू शकते.

२०/ मुंबईनंतर तीन वर्षे आणि दोन दिवस. १६ एप्रिल १९४७, अमेरिकेतील टेक्सास सिटी. 'ग्रँडकँप' जहाजात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट, कागदोपत्री खत. होल्डमधून धूर दिसला. पाण्याने माल खराब होईल म्हणून होल्डची दारे बंद करून आत वाफ सोडण्यात आली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. मुंबईच्या आयोगाने 'वाफ वापरली नाही' म्हणून दोष दिला होता. कापसाच्या आगीला ते लागू पडते, कारण वाफ प्राणवायू कोंडते. अमोनियम नायट्रेट मात्र आपला प्राणवायू आपल्यासोबत बाळगते; त्याला बाहेरच्या हवेची गरज नसते. वाफेने तेथे उष्णताच वाढली. एका जहाजावर जे न करणे हा दोष, तेच दुसऱ्या जहाजावर करणे हा विनाश. म्हणून 'सुरक्षिततेचे दहा नियम' भिंतीवर टांगून भागत नाही. पोटात काय आहे हे आग विझवणाऱ्याला ठाऊक असणे, हा सर्व नियमांच्या आधीचा नियम आहे.

२१/ टेक्सास सिटीच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे २८ पैकी २७ जवान त्या सकाळी मेले. जवळजवळ संपूर्ण दल.

२२/ आणि ४ ऑगस्ट २०२०, बैरूत. बंदरातील १२ क्रमांकाच्या वखारीत सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट, सहा वर्षे पडून. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी न्यायालयाकडे पत्रे पाठवली होती. म्हणजे पुन्हा हरकत नोंदवली गेली होती. आग लागल्याची वर्दी मिळताच १० जणांचे पथक पाठवले गेले. आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दहाही जण मेले. एकूण मृत दोनशेहून अधिक. आणि पहिल्याच दिवसांत चर्चा कशाची सुरू झाली? वखारीच्या दारावर काम करणाऱ्या वेल्डरच्या ठिणगीची. ७६ वर्षांत सिगारेटची जागा वेल्डिंगने घेतली, एवढाच फरक.

२३/ आता त्या चौथ्या वाक्याकडे. १४ एप्रिल हा भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो याच जवानांच्या स्मरणार्थ. मानवंदना दिली जाते, ती योग्यच. परंतु 'त्यांनी प्राणांची पर्वा केली नाही' हे वाक्य उच्चारताना एक गोष्ट झाकली जाते. त्यांच्या प्राणांची पर्वा इतरांनी करायची होती. जहाजावर बावटा असता, वर्दी वेळेत गेली असती, मालाची यादी बंबाबरोबर धक्क्यावर पोहोचली असती, मागे हटण्याचा हुकूम देणारा कोणी नेमलेला असता, तर यांतील किती जण संध्याकाळी घरी गेले असते? हौतात्म्याची भाषा हा प्रश्न विचारू देत नाही. हुतात्म्याने मरण स्वीकारलेले असते. या माणसांना आपण काय स्वीकारत आहोत, याची पूर्ण कल्पनाच दिलेली नव्हती.

२४/ त्याच तारखेचा आणखी एक संदर्भ. १४ एप्रिल १९४४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ५३ वर्षांचे झाले, आणि त्या दिवशी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. चारच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९४३ मध्ये, त्यांनी धनबादच्या कोळसा खाणीत उतरून मजुरांचे काम पाहिले होते. दरवर्षी १४ एप्रिलला जयंतीच्या पोस्ट एका बाजूने जातात, स्फोटाच्या दुसऱ्या बाजूने. त्यांची भेट होत नाही. वास्तविक धोक्याच्या जागी राबणाऱ्या माणसाच्या जिवाची कायद्यात किंमत काय, हा दोन्हींमधला समान विषय आहे.

२५/ ती किंमत काय होती? गोदीत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी भारतात १९३४ सालीच कायदा झालेला होता: इंडियन डॉक लेबरर्स ॲक्ट. त्याखालची नियमावली आली १९४८ साली. मधली १४ वर्षे कायदा पुस्तकात होता. फोर्ट स्टिकीन याच १४ वर्षांत फुटले. सिगारेट ओढणाऱ्या कामगाराचे नाव शोधणाऱ्यांनी थोडा वेळ या १४ वर्षांचा मालक शोधण्यातही घालवावा.

२६/ येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. 'युद्ध चालू होते. नियमांवर बोट ठेवून बसले असते तर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दारूगोळा पोहोचला नसता. जोखीम पत्करणे भागच होते.' ठीक. जोखीम पत्करणे आणि जोखीम न मोजणे या भिन्न गोष्टी आहेत. स्फोटकांचे जहाज गोदीत आणायचेच, असे ठरले, तर त्यासोबत काय हवे होते? बार्जेस आधीपासून सज्ज. स्फोटके सर्वांत आधी उतरवण्याचा हुकूम. बावटा. बंबाची तुकडी धक्क्यावर कायम उभी. अखेरचा निर्णय कोणाचा, त्याचे नाव. यांतील कोणत्या गोष्टीने आघाडीवरचा दारूगोळा अडला असता? नियम स्थगित करणाऱ्याने नियमामागचे कारण स्थगित झाले आहे असे मानले, तेथे घात झाला.

२७/ आणि हिशेब करायचाच तर पुरता करावा. गोदी पुन्हा चालू करण्यासाठी सुमारे ८ हजार माणसे सात महिने राबली आणि ५ लाख टन ढिगारा उपसला गेला. एवढे मनुष्यबळ त्याच शहरात, त्याच युद्धात, स्फोटानंतर लगेच उपलब्ध झाले. १२ ते १४ एप्रिल या दोन दिवसांत स्फोटके उतरवून घेण्यासाठी मात्र ते नव्हते.

२८/ या सात महिन्यांच्या पुनर्बांधणीला हल्ली 'मुंबई स्पिरिट'चे आद्य उदाहरण म्हणून मिरवले जाते. राबणाऱ्या हातांविषयी आदर बाळगूनही हे नामकरण नाकारले पाहिजे. मार खाऊन पुन्हा उभे राहणे हा चिवटपणा आहे; चिवट असण्यावाचून ज्यांना गत्यंतर नसते त्यांचा तो गुण. व्यवस्थेची सिद्धता ही वेगळी वस्तू. धक्का कोठून येऊ शकतो याचा आधी विचार, एक अडसर कोसळला तर दुसरा उभा असेल अशी रचना, आणि काम थांबविण्याचा अधिकार धोक्याच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाच्या हाती. नागरिकांच्या चिवटपणाचे पोवाडे गाणारे प्रशासन बहुधा आपल्या सिद्धतेविषयी बोलणे टाळत असते.

२९/ अडसरांविषयी बोलायचे तर भोपाळ. २-३ डिसेंबर १९८४ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरले. कंपनीने पुढे सांगितले, एका असंतुष्ट कामगाराने ते मुद्दाम सोडले. पुन्हा एक माणूस, पुन्हा एक कृती. आता त्या रात्रीची यंत्रणा पाहावी. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद करून ठेवलेली. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर कामात नव्हता. वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी तोडलेला. पाण्याचे फवारे वायू निसटत होता त्या उंचीपर्यंत पोहोचेनात. चार अडसर, चारही निकामी. हे चारही त्या असंतुष्ट कामगारानेच बंद केले होते काय? राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ सालीच भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर आहे असे लिहिले होते. येथेही हरकत नोंदवली गेली होती.

३०/ पायपर आल्फाचा उल्लेख येथे अपरिहार्य, कारण तेथून काहीतरी बदलले. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातील तेलाचा फलाट, १६७ मृत. दुरुस्तीसाठी उघडलेल्या पंपाची माहिती एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे नीट गेली नाही, तो पंप सुरू केला गेला. हे झाले आरंभाचे निमित्त. आग वाढत गेली ती शेजारच्या दोन फलाटांवरून त्याच वाहिनीत तेल येत राहिल्याने. समोर ज्वाळा दिसत असूनही पुरवठा तात्काळ बंद झाला नाही. मुंबईच्या धक्क्यावरील ते चौघे येथे पुन्हा भेटतात.

लॉर्ड कलेन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या. त्यांतील गाभा असा: सरकारच्या नियमपुस्तकातल्या चौकटी भरल्या म्हणजे कंपनीचे कर्तव्य संपत नाही. आपला फलाट कोणत्या मार्गांनी मृत्यूचे कारण होऊ शकतो, आणि प्रत्येक मार्गावर काय अडसर आहे, हे चालकाने स्वतः लेखी सिद्ध करावे. सिद्ध करण्याचे ओझे धोका निर्माण करणाऱ्यावर आले. त्यापूर्वी ते हरकत घेणाऱ्यावर असे. नेस्मिथ यांच्यावर होते, तसे.

३१/ हे ओझे कोणावर, यावर सारे अवलंबून असते. २८ जानेवारी १९८६च्या 'चॅलेंजर' दुर्घटनेच्या आदल्या रात्री अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी कडी नीट बसणार नाहीत. त्यांच्याकडे मागणी काय झाली? उड्डाण घातक आहे हे सिद्ध करा. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करा, असे कोणी म्हटले नाही. आधीची उड्डाणे त्याच दोषासह सुखरूप परतली होती ना! मुंबईच्या गोदीतही १४ एप्रिलपूर्वी दारूगोळ्याची जहाजे नियम डावलून येत होती, रिकामी होऊन जात होती. प्रत्येक सुखरूप खेप पुढच्या खेपेसाठी पुरावा ठरत गेली.

३२/ मुंबईच्या पश्चिमेस, अरबी समुद्रात, २७ जुलै २००५. मुंबई हाय नॉर्थ. भर पावसाळ्यात एका जखमी माणसाला फलाटावर उतरवण्यासाठी आलेले जहाज तेल-वायूच्या उभ्या नळांवर आदळले. आग, २२ मृत्यू, आणि सुमारे दोन तासांत फलाट नाहीसा. ३६२ जण वाचवले गेले. जहाजाचे नाव 'समुद्र सुरक्षा'. अनेकांना हा नियतीचा विनोद वाटतो. नियतीचा यात संबंध नाही. ज्वालाग्राही वायू वाहणारे नळ जहाजे लागतात त्या बाजूला, पुरेशा संरक्षक कठड्याविना असणे, ही आराखड्यावरची गोष्ट आहे, आणि आराखड्यावर सह्या असतात.

३३/ डोंबिवली औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला. त्याच वसाहतीत २३ मे २०२४ रोजी पुन्हा झाला. दुसऱ्या वेळी पहिले काही तास वृत्तवाहिन्यांवर वाद रंगला तो बॉयलर फुटला की रिॲक्टर, यावर. दोन स्फोटांमधल्या आठ वर्षांत त्या वसाहतीच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांना आतल्या टाक्यांत काय साठवले आहे, याची यादी मिळाली होती का, हा प्रश्न त्या वादात फारसा ऐकू आला नाही.

३४/ व्हिक्टोरिया गोदीच्या परिसरात जिवंत दारूगोळा सापडल्याची नोंद अगदी ऑक्टोबर २०११ची आहे. तेथे गाळ उपसणाऱ्या कामगाराला आजही आपल्या फावड्याखाली काय येईल याची खात्री देता येत नाही. येत्या १४ एप्रिलला सोन्याच्या विटेचे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी त्याखाली एक ओळ लिहिता येईल: १९३४चा कायदा, १९४८ची नियमावली.

(थ्रेड समाप्त)